दिगूच्या वडिलांचे चार साचे

मंडळी, चाळीतल्या माझ्या माणसांनो, आणि दिगूसाठी दूरवरून आलेल्या तरुण मुलांनो,

सारा जन्म मी वर्गापुढे उभा राहिलो. आज तुमच्यापुढे उभा आहे. दिगूला मी सातवीत मराठी शिकवलं. त्याच्या खोलीला लागूनच माझी खोली. मास्तराने विद्यार्थ्याच्या शोकसभेत बोलावं, ही काय रीत झाली?

तुम्ही मुलं त्याच्या संगीतावर नाचलात. त्याला हाउस म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. आणि दुसरं ते अ‍ॅम्बियंट. त्यात ठेका नाही, शब्द नाहीत, नुसता नाद धुक्यासारखा खोलीत उतरतो. हळदीच्या मांडवात गाणी लावणारा हा मुलगा पार बर्लिनपर्यंत वाजवून आला. पण डिलाईल रोडच्या पोटमाळ्यावर त्याचं काम चालायचं, तेव्हा खालून शेवंतामावशी ओरडायच्या, "रे झिला, गाणा सुरू कधी होतला?" हा वरून म्हणायचा, "मावशे, संपला पण!"

हसा. तोही हसायचा.

मी मात्र त्याला बोलायचो. "दिगू, अर्थ कुठे आहे रे यात?" वर्गात मी बाकावर बोटं आपटून वृत्तं शिकवायचो. लघु, गुरू, गुरू. तो म्हणाला होता, "मास्तर, बाबांचा गिरणीतला साचापण असाच चालतो." मी म्हणालो, "साचा म्हणजे भुजंगप्रयात नव्हे, बाळ." अख्खा वर्ग हसला.

त्याचे वडील सखाराम, गिरणीत विणकर. चार साचे, म्हणजे चार माग, सांभाळायचे. संपानंतर कसेबसे परत कामाला लागले, पण गिरणी टिकत नाही हे साऱ्यांना दिसत होतं. तेव्हा दिगूने डब्याच्या पिशवीत लपवून टेपरेकॉर्डर त्यांच्याबरोबर धाडला. साच्यांचा आवाज भरून घेतला. मग गिरणीला टाळं लागलं. वर्षभरात सखारामही गेले.

आता ऐका. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

शाळेत कवितागायनाची स्पर्धा होती. मी दिगूच्या आईकडून तो टेप मागून आणला. आत कॅसेट होती. लावली. नुसती घरघर. शब्द नाही, चाल नाही. मला वाटलं, खराब झालेली कॅसेट. मी तिच्यावर मुलांच्या कविता भरल्या. दोन्ही बाजूंना भरल्या.

दिगू आठवडाभर शोधत होता. दाराशी येऊन त्याने विचारलं, "मास्तर, टेपमध्ये कॅसेट होती का हो?" मी म्हणालो, "नाही रे." मास्तर असून म्हणालो. नाही रे.

त्यानंतरची त्याची सगळी गाणी, मंडळी, तो आवाज आठवून आठवून केलेली आहेत. गेल्या महिन्यात इस्पितळात मला म्हणाला, "नाही जमलं, मास्तर. बाबांचा एक साचा जरा लंगडत चालायचा. तीन आणतो मी बरोबर. तो चौथा येत नाही." तेव्हा तरी सांगायचं ना? मी त्याची चादर सारखी केली. आणि घरी आलो.

परवा त्याला अग्नी देऊन आल्यावर ती कॅसेट काढली. म्हटलं, दोन कवितांच्या मधल्या फटीत काही उरलं असेल. फितीच्या टोकाला काही उरलं असेल. शेवटपर्यंत ऐकली. काही नाही. मुलं गाताहेत. किती गोड गाताहेत. कुठे जागाच ठेवली नाही मी.

दिगू, क्षमा मागायलाही उशीर केला रे मी.

उठा मंडळी. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मीही बोलत नाही.