वाडग्याची कडी

आप्पाराव : नुसतं एकदा पाहतो आन् येतो. तू हितंच बाभळीखाली थांब.

छबुबाई : गाडी माघारी फिरवली तर मी एसटीनं एकटी जाते तेलगावला. मागून पाहत बसा मेंढरांचं वाडगं, रात्रीपस्तोर.

आप्पाराव : अगं, कोकरं हायती आत. गडी धुळाजी मेंढरं घेऊन माळावर गेला. कोकरांपाशी कुणी न्हाई. कडी निसटली आन् कुत्री शिरली तर?

छबुबाई : परळी आली जवळ. आता पुन्हा घाटनांदूरला जायचं, कडी पाहायची, पुन्हा हितं यायचं. तवर तिकडं न्हावी वस्तरा गुंडाळून घरी जाईल.

आप्पाराव : न्हावी थांबतो.

छबुबाई : न्हावी थांबंल. पोरीची सासू थांबंल का? काय म्हणली ती फोनवर, तुमीच ऐकलाव. नातवाला मामा न्हाई, जावळ काढताना आईच्या आबाची मांडी पाहिजे म्हणता, बरं. पर आबा बाराच्या आत आले न्हाईत तर आमचा बद्रीनाथ बसंल मांडी घालून. आन् पलीकडून आपली स्वप्नाली काहीच बोलंना. गप झाली. ती गप झाली की मला कळतं.

आप्पाराव : मला काय हौस हाय का माघारी जायची?

छबुबाई : तिच्या हळदीला कुठं होताव? वाडग्यापाशी. हे पोरगं झालं, अंबाजोगाईला दवाखान्यात, तवा वेशीतून फिरलाव. नातवाचं तोंड पाहिलं ते घरी आणल्यावर. जावळ एकदाच निघतं, आप्पाराव.

आप्पाराव : नाव घेऊन बोलायलीस म्हणजे लई तापलीस.

छबुबाई : मग काय ओवाळू?

आप्पाराव : बरं. मी फिरत न्हाई. तू एवढंच सांग. निघताना तू माझ्या मागंच उभी होतीस. कडी लागलेली पाहिलीस का?

छबुबाई : असंल, नसंल.

आप्पाराव : हे काय उत्तर झालं?

छबुबाई : मॅडमनं शिकवलेलं उत्तर हाय. तुमच्यासमोरच शिकवलं. ह्यांनी कडीचं इचारलं की हो म्हणायचं न्हाई, न्हाई म्हणायचं न्हाई.

आप्पाराव : ती मॅडम काय पगार देती का तुला? माझी बायको हाईस का तिची माणूस?

छबुबाई : दवाखान्यात मी नेलं का तुमाला? पोट जळतंय म्हणून तुमीच गेलताव. पोटाच्या डॉक्टरनं सांगितलं, पोटात काही न्हाई, त्या खोलीत मनिषा मॅडम बसतात, त्यांच्याशी बोला.

आप्पाराव : तवाच उठून यायला पाहिजे होतं. ना गोळी, ना सुई. नुसतं बोलायचं आन् वर घरी करायला अभ्यास. ह्या वयात.

छबुबाई : आन् गावात सांगायचं, दातासाठी जातो. हरिबा मला इचारत होता, वहिनी, आता किती दात राहिले म्हणून.

आप्पाराव : मग काय सांगू? डोक्याचं दाखवायला जातो म्हणू?

छबुबाई : डोक्याचं म्हणू नका, सवयीचं म्हणा. त्या बाकावर आणखी कोण कोण बसायचं, पाहिलाव ना. ती कॉलेजची पोरगी, पेपर हातात आला की बोटं गार पडायची. तो शहादेव, अपघात झाल्यापासून स्टेरिंगला हात लावंना. आता टमटम चालवतो. आपणच बसून आलोत त्याच्या टमटममधून.

आप्पाराव : मॅडम असंबी म्हणली, समद्यांना नुसत्या बोलण्यानं भागत न्हाई, कुणाला गोळीबी लागते. मला गोळीच लागणार. दिली असती तर आतापस्तोर बरा झालो असतो.

छबुबाई : तुमाला कशानं फरक पडतो ते तुमाला दिसलं न्हाई का? पहिल्यांदा काय सांगितलं? कडी एकदा लावायची, एकदाच हात फिरवायचा, आन् विहिरीपस्तोर जाऊन बसायचं. माघारी यायचं न्हाई. बसलाव. मग मारुतीच्या देवळापस्तोर. मग बाजारात. बाजारात सदरा भिजला घामानं, मिरच्या घेता येईनात. पर फिरलाव का?

आप्पाराव : न्हाई फिरलो.

छबुबाई : घाम आला, आन् काय झालं?

आप्पाराव : घाम गेला.

छबुबाई : कुणी पुसला?

आप्पाराव : आपसूक गेला. माहीत हाय मला. पर बाजार म्हणजे हाकेच्या अंतरावर. हे तेलगाव हाय, छबे. हितून पळत सुटलो तरी कोकरं वाचायची न्हाईत.

छबुबाई : तो लांडगा कडी काढून आलता का?

आप्पाराव : तो लांडगा काढू नको.

छबुबाई : मॅडमनं काढायला लावला, म्हणून काढते. लांडग्यानं कोकरं मारली, पर तो जाळी फाडून आलता. कडी सकाळीबी लागलेली होती. तुमीच काढली ती, आत जाताना. जाळी तवाच नवी केली आपण. पर तुमच्या डोक्यानं धरलं काय, तर कडी.

आप्पाराव : मॅडमबी तेच इचारायची. आजपस्तोर किती डाव माघारी गेलाव आन् किती डाव उघडी सापडली? मी म्हणलं, एकदाबी न्हाई. मग म्हणली, तरी कावून जाता? मी म्हणलं, मी जातो म्हणूनच तर लागलेली असते.

छबुबाई : मला तवा हसू आलतं.

आप्पाराव : ती हसली न्हाई. म्हणली, असंल तसंबी. तुमचं खरं का माझं, हे बसून ठरायचं न्हाई. एकदा न जाता पाहावं लागंल.

छबुबाई : मग आज पाहा ना. आज न जाता पाहायचाच दिवस हाय.

आप्पाराव : छातीत धडधडायलंय गं.

छबुबाई : धडधडू द्या. बसते मी मागं. मारा किक.

आप्पाराव : थांब जरा.

छबुबाई : आता काय? आन् तो फोन कावून पाहायलाव सारखा? निघाल्यापासून खिशावर हात हाय तुमचा.

आप्पाराव : टायम पाहतो.

छबुबाई : कुणाचा हो? एकदाच वाजून बंद झाला.

आप्पाराव : कुणाचा न्हाई. कंपनीचा असंल. चल, बस, निघू.

छबुबाई : आत्ता निघू? आतापस्तोर पाय उचलंना, आन् एका घंटीत निघू? दाखवा.

आप्पाराव : उशीर होतोय म्हणलीस ना तूच.

छबुबाई : कंपनीचं नाव हरिबा हाय का? काय सांगून आलाव हरिबाला?

आप्पाराव : काही न्हाई. म्हणलं, शेळ्या घेऊन आमच्या वाडग्यावरून जाशील तवा नजर टाक. कडी लागलेली असली तर एक मिस कॉल दे. उघडी असली तर पुरती घंटी वाजू दे, मी उचलतो.

छबुबाई : वा. म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप, आन् तुमी हरिबाचं तोंड भाड्यानं घेतलंव.

आप्पाराव : त्यात काय बिघडलं? मी माघारी गेलो का? न्हाई. तुला इचारायचं सोडलं का? सोडलं. आता बरं वाटायलंय मला. शप्पत. बस, बाराच्या आत पोहोचवतो.

छबुबाई : मॅडमनं सांगितलेली कुत्र्याची गोष्ट इसरलाव.

आप्पाराव : न्हाई इसरलो. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरी टाकली की ते तेवढ्यापुरतं जातं, आन् दुसऱ्या दिवशी लवकर येतं. भीतीला पाहणं घातलं की तसंच. पाठ हाय मला. बस.

छबुबाई : पाठ हाय. बसते.

आप्पाराव : पदर सांभाळ. चाकात जाईल.

छबुबाई : माझा पदर मी सांभाळते. तुमी रस्ता पाहा.

आप्पाराव : कापूस बरा दिसतोय हिकडला.

छबुबाई : हं.

आप्पाराव : हवाबी चांगली सुटलीय.

छबुबाई : हं. आता गाडी कावून हळू केली?

आप्पाराव : न्हाई, खड्डा हाय.

छबुबाई : कुठं हाय खड्डा?

आप्पाराव : हरिबाला एका डोळ्यानं कमी दिसतं, न्हाई का?

छबुबाई : देवा.

आप्पाराव : न्हाई, आपलं म्हणलं. त्यानं बांधावरनंच पाहिलं असंल. लांबून कडी लागल्यासारखीच दिसती, लागलेली नसली तरी. हात लावल्याबिगर कळत न्हाई. आन् त्याचा फोन खिशात असतो, कधी कधी आपोआपबी लागतो.

छबुबाई : मग त्याला म्हणा फोटो काढून पाठव.

आप्पाराव : त्याचा फोन साधा हाय गं. कॅमेरा कुठला त्याला.

छबुबाई : थांबवा गाडी.

आप्पाराव : थांबवली.

छबुबाई : मागं पाहा. ती बाभळ दिसती का? तिथं हरिबाची घंटी वाजली. हितं तुमाला त्याचा डोळा आठवला. एवढ्याच वाटेला पुरली ती घंटी. आन् मी एवढी वर्सं तेच केलं. लागलीय हो, मी पाहिलीय, देवाशप्पत लागलीय. अंथरुणात सांगितलं, जेवताना सांगितलं, माझी आई गेली त्या दिवशी गाडीत बसताना सांगितलं. किती पुरलं तुमाला?

आप्पाराव : तेवढ्यापुरतं.

छबुबाई : मलाबी वाटतं हो, एक शब्द टाकावा आन् तुमचा जीव खाली पडावा. तो शब्द गिळताना मला काय होतं ते कुणी इचारत न्हाई. मॅडमनंबी इचारलं न्हाई. असं डोळे मिटून काय बसलाव गाडीवर? लोक पाहायलेत.

आप्पाराव : कुत्रं आलं माघारी.

छबुबाई : काय?

आप्पाराव : लवकर आलं. पहिल्यापेक्षा लवकर. आन् ह्या डावाला हरिबाचा डोळा घेऊन आलं. आधी नुसती कडी होती, आता कडीबी हाय आन् डोळाबी हाय.

छबुबाई : मग?

आप्पाराव : फोन तुझ्या पिशवीत टाक.

छबुबाई : बंद करून?

आप्पाराव : बंद नको. बंद केला तर बंद फोनची धास्ती घेईन मी. चालू असू दे. वाजला तरी मला द्यायचा न्हाई.

छबुबाई : पुरती घंटी वाजली तर? उचलू?

आप्पाराव : उचलू नको. आता इचारू नको, न्हाईतर इचार बदलंल माझा. बस लवकर.

छबुबाई : बसले.

आप्पाराव : छबे, उघडी असली तर?

छबुबाई : असंल, नसंल.

आप्पाराव : कडू हाय तुझं औषध.

छबुबाई : सिरसाळ्यात चहा पाजते. गाडी दामटा.

(तेलगाव. जावळ निघालं आहे, माणसं जेवायला बसली आहेत. ओसरीत आप्पाराव भिंतीला टेकून बसलेले. मांडीवर तुळतुळीत डोक्याचा नातू. शेजारी स्वप्नाली आणि छबुबाई.)

स्वप्नाली : पाय आखडला असंल आबा. द्या त्याला माझ्याकडं.

आप्पाराव : राहू दे.

स्वप्नाली : मला तर खरं वाटत नव्हतं. गाडीचा आवाज आला तरी वाटलं, दुसरं कुणी असंल. बद्रीनाथभावजी हातपाय धुऊन, टोपी घालून तयार बसले होते.

छबुबाई : तुझी सासू काय म्हणली?

स्वप्नाली : म्हणल्या, आले म्हणायचे एकदाचे. मग आत जाऊन डोळे पुसले, आणि मला म्हणल्या, धूर झालाय चुलीचा. चूल तर मागच्या अंगणात आहे.

छबुबाई : पुसू दे तिला.

स्वप्नाली : आबा, तुमचा हात किती कापत होता. न्हावीसुद्धा म्हणला, आजोबा, वस्तरा मी धरलाय, कापायचं काम माझं, तुम्ही नका कापू.

आप्पाराव : हं.

स्वप्नाली : भीती वाटली का, त्याला लागंल म्हणून?

आप्पाराव : त्याची न्हाई वाटली. कडी आठवायलती.

स्वप्नाली : तेव्हा? वस्तरा डोक्यावर असताना?

आप्पाराव : तवाच जास्त. कोकरं दिसायलती डोळ्यापुढं, मान मोडलेली. उठावं वाटलं. पर हे बोंबलायलतं, आन् ह्याचं डोकं माझ्या हातात. सोडलं असतं तर लागलं असतं त्याला.

स्वप्नाली : मग काय केलं?

आप्पाराव : काही न्हाई. ती आठवत राहिली, मी धरून राहिलो.

छबुबाई : मॅडमला सांगा हे असंच.

आप्पाराव : मॅडम म्हणंल, आता दुसरा अभ्यास घ्या.

छबुबाई : घ्यायचा.

आप्पाराव : तुझं काय जातंय घ्यायचा म्हणायला.

स्वप्नाली : आई, तुझ्या पिशवीत फोन वाजतोय.

छबुबाई : ऐकलं मी.

स्वप्नाली : हरिबाकाकांचं नाव दिसतंय. पुरता वाजतोय. आबा, उचलू का? घरी काही झालं असंल तर?

आप्पाराव : असंल, नसंल. तू हळू बोल, झोपलंय ते.