फायलीतले शांत गृहस्थ

इस्पितळात रेकॉर्डच्या खोलीबाहेर माझा नंबर यायचा होता. खिडकीशी माझ्याच वयाची एक बाई आणि आतली तरुण डॉक्टर बोलत होत्या.

"मेंदूच्या आजाराचे जे पेशंट इथे गेले, त्यांच्या फायली तपासतेय, काकू. शेवटी त्यांचे हाल झाले का, ते बघायचंय."

"मलाही तेच हवंय. वर्ष झालं, झोप नाही. ह्यांच्या फायलीत काय आहे?"

"रोज एकच. 'रुग्ण शांत. तक्रार नाही.'"

"शांत? हे? अगं, मीठ कमी पडलं तर शेजाऱ्यांना कळायचं!"

"अठरा तारखेलाही तेच लिहिलंय."

"सतराला गेले ते. म्हणजे अठराचं तेवढं खरं."

"सॉरी, काकू. आदल्या दिवसाचं उतरवलं असणार."

"आणि शेवटी वाचा जाऊन दोन वर्षं झालेली. तक्रार करायची कशी?"

"मग दुखतंय हे तुम्हाला कसं कळायचं?"

"डावा अंगठा मुठीत धरायचे. शेवटचे दोन दिवस मला आतच सोडलं नाही."

"इथे अंगठ्याचं काहीच नाही."

"कसं असेल? मला कुणी विचारलं होतं का?"

"माझ्या तपासणीच्या फॉर्मवर वेदनांपुढे 'हो' किंवा 'नाही' एवढंच आहे. काय लिहू?"

"तू राहू दे. पेन इकडे आण."