आतली जाळी

एमआरआयच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईचं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

"मागे हाडांची तपासणी झाली की गं. चांगली आली होती."

"त्यात हाड किती घट्ट आहे एवढंच कळलं, आई. आतली जाळी शाबूत आहे की विरली, ते यात दिसेल म्हणाले डॉक्टर. नुसती बादली उचलून कुणाचं मनगट मोडतं का?"

"बादली नव्हती."

"मग?"

"तुझ्या बाबांना कुशीवर वळवत होते."

"तू? त्यांना उचलायला माणूस येतो ना?"

"सोडून गेला. थंडी सुरू झाली तेव्हाच."

"अगं, रोज फोनवर विचारायचे मी! रोज म्हणायचीस, आत्ताच येऊन गेला."

"तुझा आवाज इतका दमलेला असायचा. म्हटलं, अजून कशाला भर?"

लेकीने आईचं प्लास्टरमधलं मनगट अलगद आपल्या मांडीवर घेतलं.

"जाळी विरलेली निघाली तर उचलू नका म्हणतील. मग त्यांचं कोण करणार?"

"ते मी बघते."

"तू कुठं कुठं पुरशील?"

"माहीत नाही गं. चल, बोलावतायत. थांब, हातावर जोर देऊ नकोस. मी उठवते तुला."