मानेवरच्या पुटकुळ्या आणि मुदलाळीचा धूर

…आणि वर मलाच विचारतात, "वादिराजा, दाढीला साबण तरी लावतोस ना रे?" आता साबण नाही तर काय ताक लावतो मी? तुम्हाला सांगतो, ही मान बघा, ही... नको, आता काही दिसायचं नाही, दाढीखाली गेली. आषाढात बघायला हवी होती! कानाखालपासून गळ्यापर्यंत नुसत्या पुटकुळ्या, लाल, टणक, बोट लागलं की ब्रह्मांड आठवायचं! दाढी केली की दुसऱ्या दिवशी हजर. आणि साऱ्या कुंभकोणमचं एकच म्हणणं, वस्तरा! वस्तरा बोथट, वस्तरा उलटा फिरवला, वस्तरा धुतला नाही... अहो, धूर आहे तो, धूर!

कसला धूर म्हणता? गुरुमूर्ति मुदलाळीचा! मुदलाळी म्हणजे आमचा मालक, पितळेच्या भांड्यांचा कारखाना त्याचा, मी तिथला कारकून. भांडं घडलं की चकाकी यायला तेजाबाच्या हौदात बुडवतात, आणि तो हौद असा काही फसफसतो, त्यातून असा काही तांबडा-पिवळा धूर उठतो की बघणाऱ्यानं नाक धरून पळावं. आणि माझं मेज कुठे? हौदाच्या भिंतीला टेकून! भिंतीला खिडकी, खिडकीला दार नाही! संध्याकाळी सदरा काढला की कॉलर हिरवी. वत्सला, म्हणजे माझी बायको, म्हणते, "अहो, तुम्ही मानेनं गवत खाता का?"

तीच वत्सला वर म्हणते, "तुमचे केस कुरळे. कापले की टोक वळून आत रुततं. धुराचा काय संबंध?" घ्या! हेच केस, हाच न्हावी मुनुसामी, हाच त्याचा वस्तरा, आणि ह्या कारखान्यात लागायच्या आधी एक पुटकुळी नव्हती, एक! मुनुसामीला विचारलं तर तो म्हणतो, "रायर्, तुम्ही सांबारात हिंग फार घालता." आम्हा मराठी लोकांना इथे सगळे रायर् म्हणतात आणि आमच्या हिंगावर सगळं ढकलतात. हिंगानं मान सुजते होय? धूर आहे तो, धूर!

शेवटी गेलो मुदलाळीकडे. म्हटलं, हौदावर धुराडं बांधा, आणि माझं मेज रस्त्याकडच्या खोलीत न्या. नुसत्या मानेसाठी नाही हो. मला खोकला लागला होता, घरात पाळणा हलायचा होता, आणि ही हिरवी कॉलर तान्ह्या पोराच्या तोंडाशी जाणार ह्या विचारानं मी सदरा अंगणातच काढून घरात शिरायचो. भीती वाटते माणसाला! पण हे सांगायला लाजलो आणि मान पुढे केली. तिथेच फसलो.

मुदलाळी म्हणतो, "रायर्, तो रंगा बघा. हौदाच्या तोंडाशी उभा असतो दिवसभर. मान कशी? केळीचा गाभा!"

"अहो, त्याला दाढीच उगवत नाही!"

"मग दोष दाढीचा की धुराचा?"

"दोघांचा! वस्तरा कातडीचं दार उघडतो आणि धूर आत शिरतो!"

"असं? मग दाखवा सिद्ध करून. सिद्ध झालं की मेज हलवतो."

आता बघा हं, इथे नशीब कसं आडवं येतं ते! त्याच आठवड्यात आईनं हात धरला. "वादिराजा, वत्सलेला दिवस गेलेत. गर्भिणीच्या नवऱ्यानं वस्तरा लावायचा नाही." म्हटलं, "अगं आई, दाढी केलीच पाहिजे, त्या पुटकुळ्या म्हणजे माझा पुरावा!" तर म्हणते, "पोराच्या जिवापेक्षा तुझी मान मोठी?" सोडला वस्तरा.

आणि गेल्या हो! पुटकुळ्या गेल्या! इकडे बारा वर्षांनी भरणारा महामहाच्या स्नानाचा मेळा जवळ आलेला, येणारा प्रत्येक यात्रेकरू पितळेचा तांब्या नेणार म्हणून हौद दुप्पट फसफसतोय, धुरानं समोरचा माणूस दिसत नाही, आणि माझी मान? रंगाहून मऊ! मुदलाळी आला, फूटपट्टीनं माझी दाढी बाजूला सारून बघतो, सगळा कारखाना जमलेला, "कुठे आहेत रायर्? धूर तर आहे!"

शहाणा माणूस गप्प बसला असता. मी बसेन? मी छाती काढून म्हटलं, "मुदलाळी, ही दाढी धूर गाळते! फडक्यातून कॉफी गाळावी तसा! खाली कातडीपर्यंत पोचतोच कुठे तो? म्हणजे काय सिद्ध झालं? धूर आहे तो, धूर!"

तो चमकला. मग हळूच म्हणाला, "खरंच गाळते?"

"अगदी खरं!" मी म्हटलं. जिंकलो ना!

दुसऱ्या दिवशी माझं मेज हललं. आत! हौदाला चिकटून! "रायर्, तुम्हाला धूर लागत नाही, निघालेली भांडी तिथेच मोजून घ्या, घाईचे दिवस आहेत." धुराडं रद्द. रस्त्याकडच्या खोलीत त्याचा पुतण्या बसला, गुळगुळीत दाढी करून. आणि मी नाही कुठल्या तोंडानं म्हणू? खोकतो, आणि म्हणतो, छे, काही लागत नाही!

आता आमचं मूल जन्मलं की दाढी उतरणार, हे मुदलाळीलाही ठाऊक झालंय. तेव्हापासून रोज प्रेमानं वत्सलेची चौकशी करतो. काल म्हणाला, "रायर्, घरी सांगा, घाई करू नका म्हणावं, महामह होऊन जाऊ दे."