सांध्यावरचा कोंब

दुष्काळाचं साल. केजला दूध संस्थेच्या पेंडीच्या रांगेत माझ्यापुढं धोंडीरामतात्या होते आणि त्यांच्यापुढं डब्यात लावलेला गुलाब काखेत घेऊन छबुबाई.

"तुला पटायचं न्हाई छबू, पण डोळं झाकून नुसत्या वासावर गुलाबाची जात सांगतो मी."

"मग ह्याची सांगा, तात्या. सासूबाईंचं तांबडं कलम. वाळलं म्हणून लई रडले, तर काल कोंब फुटला."

"हं… कलम बांधल्याल्या सांध्याखालून फुटलाय. कलम मेलं, हा खालचा रानगुलाब. दे हिकडं, शेळीला घालतो."

"काट्यासकट?"

"माझी शेळी आधी काटं सोलती, मग खाती."

"थांबा, माती उकरते. आवं, सांधा हितं खाली हाय आन् कोंब वर! कलम जितं हाय, तात्या! लबाड बोलून माझा गुलाब घरी न्यायला निघालता व्हय?"