बसा म्हणणारा माणूस

सुनंदावहिनी, घरची सगळी मंडळी, पालेगावचे गाववाले, अंबरनाथ-बदलापूरहून आलेले बुवा आणि मावश्या.

मी बँडमास्तर. उल्हासनगरचा, कॅम्प चारचा. लग्नात वाजवतो. माझ्या हातात काठी असते आणि तोंडात शिट्टी, त्यामुळे बोलायची सवय नाही. त्यात माणूस गेल्यावर काय बोलायचं ते तर अजिबातच येत नाही. माणूस गेला तिथे बँडवाल्याला कोण बोलावतो? आज तुम्ही बोलावलंत.

खरं सांगू? बोलावलंत तेव्हापासून मी एकच विचार करतोय. का बोलावलं असेल?

बाळारामदादा असते तर आत्ता हसले असते. माझा स्वभाव त्यांना पाठ होता. संशय हा आमच्या धंद्याचा भाग आहे हो. लग्नघरचा माणूस गोड बोलायला लागला की समजायचं, वरातीचा रस्ता वाढवणार. आमच्या सिंधी बाजारात तर आधी आदराने 'साईं' म्हणतात आणि मग भाव करतात. मी त्यातच मोठा झालो. त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वी दादा आमच्या दुकानात आले, धोतर, टोपी, हातात छत्री, आणि म्हणाले, आमच्या गावच्या संगीत उत्सवात वाजवाल का, तेव्हा मी पहिलं हेच विचारलं की पुढे चालायचंय की मागे?

ते म्हणाले, चालायचं नाही. मांडवात बसायचं.

मंडळी, तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण बँडवाल्याला कोणी बसा म्हणत नाही. आम्ही रस्त्यावर उभे, हॉलच्या दाराशी उभे, जेवतानाही पातेल्यामागे उभे. आणि हा माणूस म्हणतो, मांडवात भजनी मंडळं आहेत, बारवी धरणाकडच्या वाडीवरचे ढोलवाले आहेत, त्यांच्याबरोबर बसून वाजवा, अर्धं त्यांचं, अर्धं तुमचं. मी मनात म्हटलं, यात काहीतरी आहे. याला निवडणूक लढवायची असेल. नाहीतर जमिनीचं काहीतरी असेल, कारण तेव्हा पालेगावात शेतापेक्षा बिल्डिंगींचे बोर्ड जास्त उगवत होते.

तरी गेलो. मांडवात बघतो तर आमच्यासाठी खुर्च्या. दादा स्वतः फडक्याने पुसत होते. मी युसूफचाचांना, म्हणजे आमच्या क्लॅरिनेटवाल्यांना, हळूच म्हटलं, जपून बसा, काहीतरी गडबड आहे.

आणि काय सांगू, आमच्या माणसांना बसून वाजवताच येईना. जन्मभर चालत वाजवलेलं. पहिली ओळ झाली आणि ट्रम्पेटवाले आपोआप उभे राहिले. दुसऱ्या ओळीला युसूफचाचा चालायला लागले ते थेट मांडवाच्या खांबापर्यंत. चाचांच्या मागे आमचा ढोल निघाला. समोर मांजर्लीच्या कमळमावशी अभंग म्हणत होत्या, त्या बिचाऱ्या डोळे मिटून गात होत्या. डोळे उघडले तर बँड वरातीला निघालेला.

मावशी, तुम्ही हसताय. त्या दिवशी हसला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही दादांना म्हणाला होतात की ही माणसं उद्या नकोत. मी ऐकलं होतं.

तुमचंही चुकलं नव्हतं. आमच्या आवाजात तुमचा गळा कुठे ऐकू येत होता? रस्त्यावर हळू वाजवलं तर आम्हाला दुसरं लग्न मिळत नाही, म्हणून हळू वाजवायचं आम्ही शिकलोच नव्हतो. दादांनी काय केलं? मला भाषण दिलं नाही. आपली खुर्ची उचलली आणि मांडवाच्या पार टोकाला जाऊन बसले. मावशींचा शब्द ऐकू आला नाही की टोपी काढायचे. आला की घालायचे. पूर्ण उत्सवभर त्या माणसाने टोपी काढली आणि घातली. शेवटच्या दिवशी टोपी डोक्यावर राहिली. युसूफचाचा मावशींच्या मागे मागे वाजवत होते, त्यांनी श्वास घेतला की हेही घेत होते. मला माझाच बँड ओळखू येईना.

मला आनंद झाला का? झाला. संशय गेला का? नाही गेला.

मी दादांना विचारलं, आम्हीच का? मुंबईत एवढे वाद्यवृंद पडलेत, चांगले शिकलेले, कागदावर लिहिलेलं वाचून वाजवणारे. रस्त्यावरचा बँड कशाला उचलून आणलात?

दादा म्हणाले, "मास्तर, घरा या चाय प्यायला. मंग सांगतो."

मी गेलो नाही. माझा नियम आहे, गिऱ्हाइकाच्या घरी चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की माणूस अडकतो, मग नाही म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी परत विचारलं. परत तेच, घरा या. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आमचं ते ठरून गेलं होतं. मी विचारायचं, त्यांनी चहाला बोलवायचं, मी म्हणायचं, बघू. मला वाटायचं, हा म्हातारा काहीतरी मोठं मागणार आहे, आणि तेही गोड चहातून.

दादा गेले, तेरावं झालं, आणि गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो. सुनंदावहिनींनी चहा आणून ठेवला. या वेळी घेतला. अडकवणारा आता होता कुठे?

मग मी वहिनींना तेच विचारलं. म्हटलं, तुमच्या सासऱ्यांनी आम्हालाच का धरलं, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?

वहिनी सासऱ्यांना मामा म्हणतात. म्हणाल्या, तुम्हाला मामांनी सांगितलं नाही? आमच्या सासूबाई गेल्या तो दिवस.

मंडळी, त्या जे बोलल्या ते मी माझ्या तोंडाने सांगतो, नीट जमेल की नाही माहीत नाही. सासूबाई आत होत्या, अंगणात तिरडी बांधत होते, दादा ओट्यावर बसलेले. लांबून वरात येत होती. नाचायचं गाणं जोरात चाललेलं. वळणावर बँड आला, घरापाशी पोचणार, आणि एकदम बंद. सगळी वाद्यं एका वेळी. नवरदेवाची माणसं ओरडत होती, वाजवा, थांबलात कशाला. बँडने ऐकलं नाही. नुसता चालत गेला. फक्त बुटांचा आवाज. त्यातल्या एका म्हाताऱ्याने काळी नळी काखेत धरली आणि डोक्यावरची कॅप काढली. ते घर मागे पडलं, पार पुढच्या वळणापलीकडे गेले, आणि मग लांबून परत वाजायला लागलं.

संध्याकाळी दादा वहिनींना म्हणाले, "त्या बँडवाल्यांचा पत्ता काढ. त्यांना मांडवात बसवायचं."

एवढंच कारण. निवडणूक नाही, जमीन नाही.

आणि गंमत बघा, मला तो दिवस आठवत नाही. वहिनी सांगत होत्या आणि मी आठवतोय, आठवतोय, काही नाही. कारण हे आमचं नेहमीचं आहे. मयताचं घर दिसलं की मी काठी वर धरतो आणि बँड थांबतो. माझ्या वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. यात थोर काही नाही. पण दादांनी ते मनात ठेवलं आणि त्याच्यावर एवढा मांडव उभा केला. मला वाईट वाटतं, मंडळी. फार वाईट वाटतं. एक कप चहा घ्यायला गेलो असतो तर त्यांच्या तोंडून ऐकलं असतं.

आता आजचं बोलतो. संशय सुटलेला नाही.

मघाशी दाराशी उत्सव कमिटीचे अध्यक्ष भेटले. खांद्यावर हात ठेवला. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर कधी हात ठेवलेला नाही, तेव्हाच मी सावध झालो. म्हणाले, मास्तर, पुढच्या वर्षी उत्सव मोठा करू, दादांच्या नावाने करू. मांडवात मुंबईचा मोठा वाद्यवृंद आणू. तुमच्यासाठीही खास जागा ठेवलीय, तुम्ही सगळ्यात पुढे, मिरवणुकीत.

मिरवणुकीत. म्हणजे परत रस्त्यावर.

अध्यक्षसाहेब, रागावू नका, पण दादांच्या शोकसभेत नाही बोलायचं तर मी कुठे बोलू? मुंबईचे येऊ देत. त्यांच्याशी आमचं भांडण नाही, ते पोटासाठी वाजवतात, आम्हीही पोटासाठी वाजवतो. त्यांनाही दादांच्या रीतीने बसवा, मावशींचा आवाज ऐकायला शिकवा. पण आमच्या खुर्च्या काढून त्यांच्या मांडू नका. दादांचं नाव आणि दादांनी मांडलेल्या खुर्च्या, यातलं एकच ठेवायचं असेल तर खुर्च्या ठेवा.

एक सांगतो. माझी माणसं आत्ता दाराशी उभी आहेत. सभा सुरू झाल्यापासून उभी आहेत. पुढची पूर्ण ओळ रिकामी आहे आणि त्यांना कोणी बसा म्हणालं नाही. म्हणणारा माणूस गेला.

आता दोन मिनिटं शांतता पाळायची, असं मघाशी चिठ्ठीवर लिहून आलंय. पाळू. पण ती आमच्या पद्धतीने पाळू. आमच्यात घड्याळ बघत नाहीत. मी काठी वर धरली की सगळं बंद, आणि सगळ्यात मागचा ढोलवाला घर ओलांडून जात नाही तोवर बंद.

युसूफचाचा, आत या. सगळे या. चालत या, मधल्या वाटेने, दादांच्या फोटोसमोरून, आणि पुढच्या ओळीत बसा. शेवटचा माणूस खुर्चीवर टेकला की मी काठी खाली घेईन. तोपर्यंत कुणी जागचं हलू नका, कुणी फोन बघू नका. मी बघतोय.

दादा, चहा प्यायलो. गोड होता.

उभे राहा, मंडळी. काठी वर धरतोय.