दोन्ही टोकं बसली

मुलगी: बाबा, आता दाबू नका. बसलीय ती वायर.

बाबा: बसलीय ना? मग चित्र का येत नाही? जन्म गेला माझा नळजोडणीत. दोन्ही टोकं नीट बसली की पाणी येतंच.

मुलगी: दुकानात काय सांगितलंत?

बाबा: सांगायचं काय? तुझ्या लॅपटॉपच्या भोकाचा फोटो दाखवला, या पडद्याच्या भोकाचा दाखवला. म्हटलं, एका बाजूला हे बसलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला ते.

मुलगी: टोकं बरोबरच आणलीत. लॅपटॉपला एचडीएमआय, पडद्याला डिस्प्लेपोर्ट. पण ही वायर एकाच दिशेनं चालते. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

बाबा: म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा बसवला मी.

मुलगी: तसंच काहीसं.

बाबा: आयुष्यात कधी बसवला नाही. आज बसवला, तोही स्वतःच्या घरात.

आई: आणि गल्लीभर सांगून आलात, लेकीसाठी मोठा पडदा आणला म्हणून.

बाबा: तू आतूनच बोल, स्वयंपाकघर सोडू नकोस.

मुलगी: जाऊ द्या ना बाबा. पाच वाजता ड्रॉइंग पाठवायचंय मला. लॅपटॉपवरच बघा.

बाबा: त्या एवढ्याशा काचेवर? मला त्यात रेघा दिसत नाहीत, मुंग्या दिसतात. तुझं पहिलं ड्रॉइंग, अख्ख्या हॉस्पिटलच्या पाण्याची लाइन. कोणी विचारलं, पाहिलंत का, तर काय सांगू? मुंग्या पाहिल्या?

मुलगी: मलाही तुम्ही पाहिल्याशिवाय पाठवायचं नाहीये. थांबा, मागे हे निळं, जुन्या पद्धतीचं भोक आहे. ऑफिसच्या प्रोजेक्टरसाठी एक छोटं डबडं असतं माझ्या बॅगेत, ते लॅपटॉप याला जोडून देईल. पण निळ्या टोकांची वायर कुठून आणू?

बाबा: पडद्याबरोबर एक आली होती. विकणारा म्हणाला, टाकून द्या, कोणी वापरत नाही आता.

मुलगी: टाकलीत?

आई: हे आणि टाकणार? पलंगाखाली बघ, तोट्यांच्या डब्यात.

मुलगी: सापडली.

बाबा: दे इकडे. बघ, हिला दोन्ही टोकांना स्क्रू आहेत. आवळायची सोय असलेली वस्तू कधी दगा देत नाही.

(पडदा उजळतो. बाबा जवळ जाऊन एकेका रेघेवरून बोट फिरवत जातात.)

मुलगी: बाबा, काहीतरी बोला.

बाबा: ही मुख्य लाइन. ही टाकीकडे. आणि हा वॉर्ड बंद केला, तर शेजारच्याचं पाणी?

मुलगी: चालू राहतं. प्रत्येक वॉर्डाला वेगळा व्हॉल्व्ह दिलाय. तुम्हीच कुरकुरायचात ना, एका तोटीपायी सगळी इमारत कोरडी ठेवावी लागते म्हणून.

बाबा: ते जेवताना बोलायचो मी. तू ऐकत होतीस?

मुलगी: आपल्या घरात जेवताना दुसरं काय ऐकायला मिळायचं?

बाबा: खोड काढायलाच बसलो होतो. एकही सापडत नाही. पोरी, फार अभिमान वाटतोय मला.

मुलगी: मग पाठवू?

बाबा: थांब. आधी तो खालचा कोपरा मोठा कर. अजून. अगं, हात पुसून बाहेर ये जरा.

आई: आता काय झालं?

बाबा: ड्रॉइंग कोणी केलं ते लिहिलंय तिथं. वाच.

आई: चष्मा आत राहिला माझा.

बाबा: लागणार नाही.